विहीणबाईंचं सुफ्रिर

टाचणीबाईंना हे नाव कामावरून पडलं होतं. सोफ्याची कव्हरं, गाद्यांचे अभ्रे आणि पडदे शिवणं हा त्यांचा धंदा, आणि काम चालू असताना ओठांत चार-पाच टाचण्या कायम धरलेल्या. त्या न काढताच त्या बोलायच्या, त्यामुळे बोलणं थोडं आणि नेमकं व्हायचं. काही गिऱ्हाइकांच्या मते टोचायचंही.

घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. कापायचं लांब टेबल, जाड कापडाचं जुनं मशीन, भिंतीला टेकवून उभे केलेले तागे. नवरा गेल्यावर याच खोलीच्या जिवावर त्यांनी मुलाला वाढवलं होतं. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, कामानिमित्त दूरदेशी गेला आणि तिथून परत आला तो लग्न ठरवूनच. मुलगी स्पॅनिश बोलणारी. टाचणीबाई आठवडाभर गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "उंची विचारून घे, तिच्या मापाची गादी करायला हवी."

सून आली ती सगळ्यांना आवडावी अशीच होती. मराठी तिने झपाट्याने उचललं, फक्त लिंगाचा घोळ काही सुटला नाही. 'माझा आई', 'मोठी चमचा', 'पाऊस आली'. टाचणीबाईंनी ते सुधारणं सोडून दिलं होतं. उलट एकदा भांडीवाल्याच्या दुकानात त्यांच्याच तोंडून 'मोठी चमचा द्या' असं गेलं आणि घरी येऊन त्या एकट्याच हसत बसल्या.

सुनेला सातवा महिना लागला आणि रक्तदाब वाढला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, अंथरुणातून उठायचं नाही आणि डोक्याला कसलाही ताप द्यायचा नाही. तेव्हा सुनेची आई विमानात बसून आली.

विहीणबाई उंच, हाडापेराने दणकट आणि कामाला वाघ. आल्या दिवशीच त्यांनी लेकीच्या खोलीतली कपाटामागची धूळ काढली. ती धूळ टाचणीबाईंना ठाऊक होती. पण दुसऱ्या बाईने ती काढावी हे जिव्हारी लागलं. दोघींना एकमेकींची भाषा यायची नाही. त्यामुळे दोघी आपापल्या भाषेत मोठमोठ्याने बोलायच्या, आवाज चढवला की अर्थ आपोआप पोचतो अशा समजुतीने. चहात साखर किती, औषध जेवणाआधी की नंतर, एवढं हातवाऱ्यांवर भागायचं.

दुपारी लेक झोपली की विहीणबाई पुढच्या खोलीत यायच्या, मधलं दार ओढून घ्यायच्या आणि खिडकीशी उभ्या राहून आपल्या बहिणीला फोन लावायच्या. टाचणीबाई तिथेच मशीनवर असायच्या, पण त्यांच्यापुढे कसला संकोच? ज्याला भाषा कळत नाही तो माणूस आणि कापडाचा तागा सारखाच. मशीन चालू असलं की काही ऐकू यायचं नाही. दोरा बदलायला थांबलं की बोलणं कानावर पडायचं, आणि त्यात एक शब्द सारखा यायचा. सुफ्रे. कधी सुफ्रिर, कधी सुफ्रे मूचो. तो म्हणताना विहीणबाई मधल्या दाराकडे पाहायच्या आणि आवाज खाली आणायच्या.

एका संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तेव्हा टाचणीबाईंनी विचारलं, "काय रे, ते सुफ्रिर म्हणजे काय?"

"सोसणं. हाल होणं. का गं?"

"सहज. आणि मूचो?"

"खूप. आई, तू त्यांचे फोन ऐकतेस?"

"माझ्या कानांना दार नाही. माझ्या खोलीत बोलल्या तर ऐकू येणारच."

"नको ना लक्ष देऊस," मुलगा म्हणाला. दिवसभर तो एका उंच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करून आला होता, आणि वर आल्यावर दोन आयांच्या मधोमध अडकायची त्याची अजिबात इच्छा नव्हती.

टाचणीबाईंच्या मनात मात्र गणित सुटलं. खूप हाल होतात. दाराकडे बघून, आवाज खाली आणून. म्हणजे माझ्या लेकीचे या घरात हाल होतात, असंच ही बाई तिकडे सगळ्यांना सांगते आहे! ज्या सुनेसाठी आपण गादीचा कापूस दोनदा पिंजून घेतला, उशाला तीन उंचीच्या उश्या शिवल्या, तिचे हाल! त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. सकाळी त्यांनी विहीणबाईंचा चहा केला, पण कप टेबलावर जरा आपटूनच ठेवला.

सुनेला विचारणं शक्य नव्हतं. मुलाला पुन्हा विचारणं मानाचं नव्हतं. उरला कप्तान.

कप्तानचं खाली रस्त्याला लागून किल्ल्या बनवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे माणूस आत बसला की दार लावता येणार नाही, एवढीशी जागा. तो कधीच कप्तान नव्हता. उभी हयात जहाजांच्या इंजिनघरात तेल पुसण्यात गेली होती. पण स्पॅनिश बंदरांत त्याने बरीच वर्षं काढली होती, आणि त्याचं सांगणं असं की बायकोपेक्षा ती भाषा त्याच्याशी जास्त गोडीने बोलली.

"सुफ्रिर?" त्याने कानस बाजूला ठेवली. "बाई, हा शब्द हमालासारखा आहे. पाठीवर काय द्याल ते उचलतो. माणूस दुःख सुफ्रिर करतो, आजार सुफ्रिर करतो, अपघातसुद्धा. आमचं जहाज वादळात सापडून उशिरा पोचलं, तर जहाजाने उशीर सुफ्रिर केला. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असेलच असं नाही."

"पण असू शकतं."

"असू शकतं. तुम्ही सगळं वाक्य आणा. एका शब्दावरून मी काय सांगणार? एक दात दाखवून किल्ली बनत नाही."

तेव्हापासून टाचणीबाई वाक्यं गोळा करू लागल्या. मशीन जास्त वेळा थांबू लागलं. दोरा उगाचच तुटायचा. कानावर पडलेलं तोंडातल्या तोंडात घोळवत त्या जिना उतरायच्या, आणि मधे कुणी 'काय बाई, बरं आहे ना' म्हटलं तर नुसती मान हलवायच्या, तोंड उघडलं तर वाक्य सांडेल म्हणून.

एकदा गिऱ्हाइकाच्या सोफ्यासाठी आणलेलं मातकट कापड टेबलावर पसरलं होतं. विहीणबाई आल्या, त्यांनी दोन बोटांत कापड चोळून पाहिलं आणि मान डोलावत म्हणाल्या, "सुफ्रीदो. मुई सुफ्रीदो." टाचणीबाईंचा पारा चढला. आता कापडाचेही हाल व्हायला लागले की काय आपल्या घरात!

कप्तान डोकं खाजवत बसला. "रंगाला म्हणाल्या? हां, म्हणतात खरं तसं. म्हणजे असा रंग, की कितीही वापरा, घाण झाली तरी दिसत नाही. सगळं पोटात घेतो. आपल्यात काय म्हणतात हो त्याला..."

"मळखाऊ!"

"मळखाऊ! बरोब्बर. आणि माणसालाही म्हणतात सुफ्रीदो. जो सोसतो आणि चेहऱ्यावर दाखवत नाही, तो."

टाचणीबाईंना हसू आलं. शिंपीकामातला शब्द त्या बाईच्या तोंडी असावा, कापड तिला कळावं, याचं थोडं बरंही वाटलं. त्या दुपारी त्यांनी मातकट कापडाचा उरलेला तुकडा घेऊन विहीणबाईंना एक एप्रन शिवून दिला. विहीणबाईंनी तो लगेच कमरेला बांधला आणि टाचणीबाईंचे दोन्ही गाल आपल्या गालांना लावले. टाचणीबाईंनी जेमतेम वेळेवर ओठांतल्या टाचण्या काढल्या, नाहीतर प्रसंग ओढवला असता.

पण ही गोडी टिकली नाही. दोन-चार दिवसांतच त्यांनी फोनवरचं नवं वाक्य पकडलं. विहीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, "नो ला पुएदो सुफ्रिर."

कप्तान म्हणाला, "मला ती सोसत नाही."

"ती म्हणजे कोण?"

"ते कसं सांगू? त्यांच्यात खुर्ची ती, मशीन ती, रात्र पण ती. आपण नाही का म्हणत, उन्हं सोसत नाहीत, दूध सोसत नाही..."

"दूध ती नसतं. ती मीच. दुसरं कोण आहे त्या घरात?"

"बाई, एवढ्यात निकाल लावू नका."

पण निकाल लागला होता. टाचणीबाईंनी बोलणं टाकलं. आता मोठ्याने नाही, हळू नाही, हातवारेही नाहीत. विहीणबाई काही दाखवायला आल्या की त्या मशीन सुरू करायच्या. सुनेने खोलीतून हाक मारून विचारलं, "आई, तुम्ही माझा आईवर रागावलात का?" तर म्हणाल्या, "मला कुठे वेळ आहे रागवायला?" विहीणबाईंनी एकदोनदा मशीनशेजारी चहा आणून ठेवला. तो निवून गेला. साय धरलेला कप त्यांनी मुकाट्याने उचलून नेला.

मग ती दुपार आली. या खेपेला फोन तिकडून आला. विहीणबाई खिडकीशी गेल्या, ऐकलं, आणि टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. त्यांनी ऐकलेलं वाक्य स्वतःच परत एकदा म्हटलं, खात्री करून घेतल्यासारखं. "सुफ्रियो ओत्रो इन्फार्तो." मग बराच वेळ मान हलवत नुसतं 'सी, सी'. फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भाजी चिरायला लागल्या.

टाचणीबाई लगेच जिना उतरल्या. आज त्यांना कप्तानला दाखवून द्यायचं होतं, की बाई कशी तिकडे बोंब मारते आहे. त्यांनी वाक्य सांगितलं. कप्तानने फिरतं चाक बंद केलं.

"परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं.

"कुणाला तरी पुन्हा हार्ट अटॅक आला आहे, बाई. ओत्रो म्हणजे आणखी एक. पहिला आधी येऊन गेलाय. कुणाबद्दल बोलत होत्या?"

"नाव नाही घेतलं. मि मारीदो, मि मारीदो, असं मात्र..."

"मारीदो म्हणजे नवरा."

रस्त्यावरून माणसं जात-येत होती. एक गिऱ्हाईक कुलूप घेऊन आलं, कप्तानने त्याला हातानेच थांबवलं. टाचणीबाई फळीला टेकून उभ्या राहिल्या. मि मारीदो त्यांनी किती दिवस ऐकलं होतं! पण ते कधी त्यांनी खाली आणलंच नाही. त्यांना फक्त तेच शब्द हवे होते, जे आपल्याला लागतील. सुफ्रे मूचो. खूप हाल होतात, पण लेकीचे नाहीत, मागे ठेवून आलेल्या माणसाचे. आणि दाराकडे बघायचं ते लेकीला कळू नये म्हणून. डोक्याला ताप द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं.

त्या वर आल्या तेव्हा विहीणबाई गाजर चिरत होत्या, एकसारखे बारीक तुकडे. कमरेला मातकट एप्रन. टाचणीबाई समोर उभ्या राहिल्या. एवढी वाक्यं गोळा केली होती, पण त्यांतलं एकही जोडता येईना.

"मारीदो," त्या म्हणाल्या. "मारीदो सुफ्रे?"

सुरी थांबली. विहीणबाईंनी आधी लेकीच्या दाराकडे पाहिलं, मग ओठांवर बोट ठेवलं. टाचणीबाईंनी त्यांना दंडाला धरून पुढच्या खोलीत नेलं, दार लावलं, तागे उभे होते त्या कोपऱ्यात बसवलं. रडणं फुटणार हे दिसतच होतं. त्यांनी हाताला लागेल ती चिंधी मशीनखाली सरकवली आणि मशीन पूर्ण वेगाने सोडलं. जुन्या मशीनची ती घरघर घरभर झाली. त्या आवाजाआड विहीणबाई मोकळ्या रडल्या आणि टाचणीबाई त्यांच्याकडे न बघता चिंधीवर टाक्यामागून टाका घालत राहिल्या. मधेच खोलीतून सुनेचा आवाज आला, "आई, किती काम करताय!"

"झालंच!" टाचणीबाई ओरडल्या.

जादा किल्ली करून आणतो असं सुनेला सांगून दोघी खाली उतरल्या. कप्तानने आपलं स्टूल विहीणबाईंना दिलं आणि स्वतः उभा राहिला. विहीणबाई बोलत गेल्या, तो सांगत गेला. नवऱ्याचं हृदय वर्षभर कुरकुरत होतं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले. तो म्हणाला, आधी लेकीकडे जा, तिचं मोकळं होऊ दे, तोवर मी थांबतो. पहिला झटका येऊन गेला ते लेकीला सांगितलंच नाही. आता दुसरा. अजूनही म्हणतो, तू परत येशील तेव्हाच ऑपरेशन, पण तिला सोडून येऊ नकोस.

कप्तान टाचणीबाईंकडे वळला. "बाई, ती 'ला', म्हणजे त्या वाक्यातली 'ती', सापडली. एस्पेरा म्हणतात त्या. वाट बघणं. ते त्यांच्यात बाईमाणूस आहे. हे नुसतं वाट बघणं सोसवत नाही, असं त्या म्हणत होत्या."

टाचणीबाईंनी मान खाली घातली. मग वर केली.

"त्यांना म्हणावं, जायचं."

कप्तानने सांगितलं. विहीणबाई मान हलवत जोरजोरात काही बोलल्या.

"त्या म्हणतात, लेकीला कोण बघणार?"

"मी कशाला आहे? नुसते पडदे शिवायला? म्हणावं, तुमची लेक तशी माझी सून असेल, पण तिच्या पाठीखालची गादी मी केली आहे. तिला कसं झोपवायचं ते मला कळतं."

"गादीचं पण सांगू?"

"सगळं सांगा."

त्याने सांगितलं. विहीणबाईंनी डोळे पुसले आणि एक छोटं वाक्य विचारलं.

"लेकीला सांगायचं काय, विचारतात."

"खरं," टाचणीबाई म्हणाल्या. "उद्या वडलांचं काही बरंवाईट झालं आणि मागून कळलं, तर तो ताप कुठला डॉक्टर उतरवणार आहे?"

संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो जेवण तसंच टाकून बाहेर गेला आणि डॉक्टरीणबाईंशी बोलून आला. त्या म्हणाल्या, उद्या दवाखान्यात माझ्यासमोर सांगा.

दुसऱ्या दिवशी सून तपासणीच्या टेबलावर, हाताला रक्तदाबाचा पट्टा. विहीणबाई तिच्याजवळ उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग टाचणीबाईंनीच सुनेचा मोकळा हात हातात घेतला आणि मराठीत सांगितलं, जसं आहे तसं. सून ओरडली नाही. आईकडे वळून ती हलक्या आवाजात, झरझर, खूप बोलली, आणि ते गोड नव्हतं हे कळायला कुणा कप्तानची गरज नव्हती. विहीणबाई ऐकून घेत राहिल्या. डॉक्टरीणबाई पट्ट्याच्या आकड्याकडे बघत होत्या. आकडा चढला, थांबला, हळूहळू उतरू लागला.

मग सुनेने विचारलं, "आई, तुम्हाला कसा कळलं?"

"ऐकून."

"तुम्हाला आमचा भाषा येतो?"

"एकच शब्द येतो गं. तोसुद्धा उलटाच कळला होता." आणि टाचणीबाईंनी तेही सांगून टाकलं. "मला वाटलं, माझ्या घरात तुझे हाल होतात, असं त्या तिकडे सांगतायत."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी गालावर होतं आणि तशीच ती हसायला लागली. "होतातच ना! सकाळी सकाळी तो मशीन! माझा बाळ बाहेर येऊन आधी तुमचा मशीन बंद करेल."

आईवरचा तिचा राग मात्र एवढ्यात उतरला नाही. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडली. विहीणबाई दाराशी येत आणि परत जात. सकाळी टाचणीबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा सून उशीला टेकून बसली होती आणि तिची आई मागे बसून तिची वेणी घालत होती. त्या चहा ठेवून पावलं न वाजवता बाहेर आल्या.

विहीणबाई गेल्या. जाताना लेकीच्या औषधांच्या बाटल्या त्यांनी ओळीने लावल्या, मग टाचणीबाईंनी त्या हलवून आपल्या क्रमाने लावल्या, मग विहीणबाईंनी त्यांतली एक पुन्हा पुढे काढली. मुलगा म्हणाला, "विमान चुकेल हं." बॅग गाडीत ठेवायला कप्तान दुकान उघडं टाकून आला.

त्यानंतरचे दिवस टाचणीबाईंना सोपे गेले असं नाही. मशीन त्यांनी दुपारपर्यंत बंदच ठेवलं, दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. सुनेचे पाय सुजायचे, ते मांडीवर घेऊन चोळत बसायच्या. ऑपरेशनच्या दिवशी दोघी सकाळपासून फोन उशीवर ठेवून बसल्या. सून म्हणाली, "बोला ना काहीतरी." तेव्हा टाचणीबाईंनी तिला टाके शिकवले: धावदोरा, उलटी टीप, काज. सुनेचे टाके वेडेवाकडे पडत होते. चौथ्यांदा उसवताना फोन वाजला. ऑपरेशन पार पडलं होतं. माणूस शुद्धीवर येऊन आधी चष्मा मागत होता.

मुलगी जन्मली ती दिवस भरायच्या थोडी आधी, पण ठणठणीत. बाळंतपण लांबलं. टाचणीबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या, आतून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि मुलगा लिफ्टच्या दारापाशी उभा राहून उगाचच तिचं बटण तपासत होता. सगळं आटोपल्यावर विहीणबाईंचा फोन आला तो मुलाने आईच्याच हातात दिला. पडद्यावर विहीणबाईंचा चेहरा, खूप जवळ आलेला, अर्धाच.

"सुफ्रियो?" त्यांनी विचारलं.

"सुफ्रियो," टाचणीबाई म्हणाल्या. "मूचो, मूचो." मग हात उडवून म्हणाल्या, "झालं! आता नाही!" आणि फोन फिरवून त्यांनी आत झोपलेली लेक आणि तिच्या कुशीतलं गाठोडं दाखवलं.

तिकडे फोन हातातून हातात गेला. एक माणूस दिसला. फिकट, दाढी केलेला, उशांना टेकून बसलेला, छातीवरची पट्टी सदऱ्याच्या गळ्यातून डोकावत होती. टाचणीबाईंनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. सुनेच्या नाक-कपाळाची ठेवण कुठून आली ते लगेच कळलं. तो त्यांच्याशी बोलायला लागला, सावकाश, मधे दम घेत, बराच वेळ. त्यात ओळखीचा एकही शब्द नव्हता. मुलगा पुढे झाला, "थांब, मी सांगतो तुला काय म्हणतायत ते."

"नंतर सांग," टाचणीबाई म्हणाल्या. "त्यांना बोलू दे आधी."

आणि तो बोलायचा थांबेपर्यंत त्या फोन दोन्ही हातांत धरून, मान डोलावत, ऐकत उभ्या राहिल्या.